गणपतीत भरलेला गाव जनगणनेत रिकामा : रत्नागिरी जिल्ह्याची माणसं मोजायची कुठे?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वरच्या वाडीतल्या एका काकींना रात्री छातीत दुखायला लागलं. वाडीपर्यंत गाडीरस्ता नाही. मधे पऱ्या आहे, त्यावरचा साकव दोन वर्षांपूर्वी पुरात गेला तो गेलाच. शेवटी बांबूला घोंगडी बांधून डोली केली. डोलीला चार खांदे लागतात, आणि चढउताराची वाट असली की बदलीला आणखी चार. त्या रात्री वाडीत साठीच्या आतले पुरुष होते फक्त दोन. खालच्या वाडीत फोन केले, माणसं बॅटऱ्या घेऊन वर चढली, त्यात पाऊण तास गेला. काकी वाचल्या. पण तो पाऊण तास आम्ही कुणी विसरलेलो नाही.

पुढे महिन्याभराने गणपतीत त्याच वाडीत आरतीला गेलो, तर अंगणात उभं राहायला जागा नाही. पंचवीस-तीस तरुण पोरं, बायका, लहान मुलं, खाली रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची रांग. तेव्हा मनात आलं, या वाडीची लोकसंख्या नक्की किती धरायची? जुलैतली, की गणपतीतली?

हा प्रश्न आता नुसता गप्पांचा राहिलेला नाही. २०११ नंतर थेट २०२७ ची जनगणना होते आहे. घरयादीचा पहिला टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात राज्याराज्यांच्या सोयीने, आणि माणसांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख. त्यात आपल्या गावाचा जो आकडा लिहिला जाईल, त्यावर पुढची किमान दहा वर्षं आपला निधी, आपली शाळा, आपला दवाखाना आणि आपला लोकप्रतिनिधी ठरणार आहे.

आकडे काय सांगतात

१९९१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या होती १५ लाख ४४ हजार ५७. २००१ ला ती १६ लाख ९६ हजार ७७७ झाली. म्हणजे दीड लाखाने वाढली. आणि २०११ ला १६ लाख १५ हजार ६९. दहा वर्षांत ८१ हजार ७०८ माणसं कमी. टक्क्यांत ४.८२ ची घट.

त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र जवळपास १६ टक्क्यांनी वाढला. लोकसंख्या घटलेले जिल्हे राज्यात तीनच होते : रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. मुंबई शहरातली माणसं उपनगरात सरकली, ते समजण्यासारखं आहे. पण ग्रामीण जिल्ह्यांमध्ये माणूस घटला तो तळकोकणात. याच काळात तेव्हाचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. आपली ८१ हजार माणसं हवेत विरली नाहीत. त्यातली बरीचशी दिवा, डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार या बाजूला मोजली गेली, हे सांगायला संशोधक लागत नाही. प्रत्येक घरातला कुणी ना कुणी तिथेच आहे.

आणखी एक आकडा बघा. २०११ ला जिल्ह्यात पुरुष ७ लाख ६१ हजार १२१ आणि स्त्रिया ८ लाख ५३ हजार ९४८. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त. भाषणात हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगतात, कोकणात मुलीचा मान आहे म्हणून. पण ० ते ६ वयाची मुलं मोजली तर आपल्याकडेही मुलींपेक्षा मुलगेच जास्त आहेत. मग मोठेपणी ९२ हजार बायका जास्त कशा? पुरुष कामाला बाहेर गेले म्हणून. ज्या आकड्याचं कौतुक होतं तो रोजगाराचा आकडा आहे. डोलीला खांदे कमी का पडतात, त्याचं उत्तर त्याच आकड्यात आहे.

जमीनच अशी आहे

जिल्ह्याचं क्षेत्रफळ ८ हजार २०८ चौरस किलोमीटर. दर चौरस किलोमीटरला माणसं १९७. राज्याची सरासरी ३६५. म्हणजे आपण निम्म्याच्या जरा वर. पण नुसत्या सरासरीवरून आपल्या जमिनीचा अंदाज येत नाही.

पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र, मधे वलाटी आणि खलाटी. उत्तरेला सावित्रीपासून दक्षिणेला विजयदुर्ग खाडीपर्यंत नद्या सगळ्या पूर्व-पश्चिम धावतात : जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, बाव, काजळी, मुचकुंदी. दोन नद्यांच्या मधे डोंगराची सोंड. त्यामुळे शेजारचा गाव डोळ्यांना दिसतो, हाक मारली तर ऐकू जाते, पण गाडीने जायचं तर दहा किलोमीटरचा वळसा. वर जांभ्याचा सडा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पण सड्यावरून आणि उतारावरून तो चार दिवसांत खाडीत जातो. म्हणून खेड, चिपळूण, संगमेश्वरच्या धनगरवाड्यांना मे महिन्यात टँकर लागतो. घाटावरच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते हसतात. त्यांना वाटतं आम्ही थट्टा करतोय.

घाटावर गावाला गावठाण असतं. घराला घर चिकटलेलं, मधून एक रस्ता, एक टाकी, एक शाळा. आपल्याकडे गाव म्हणजे वाड्या. बौद्धवाडी, कुणबीवाडी, गुरववाडी, वरची, खालची, पलीकडची, आणि डोंगराच्या कुशीत धनगरवाडी. जिल्ह्यात गावं पंधराशेच्या वर आणि ग्रामपंचायती साडेआठशेच्या आसपास. वाड्या किती ते ज्याने त्याने आपल्या गावापुरतं मोजून बघावं. नऊशे माणसांचा गाव आठ वाड्यांत पसरलेला असतो. नळपाणी योजना एक मंजूर होते, पाइप मात्र आठ दिशांना टाकावा लागतो.

जिल्ह्याच्या आतली हलवाहलव

माणूस फक्त मुंबईला जातो असंही नाही. २०११ ला रत्नागिरी तालुक्यात ३ लाख १९ हजार ४४९ आणि चिपळूणला २ लाख ७९ हजार १२२ माणसं होती. नऊ तालुक्यांपैकी या दोघांत जिल्ह्याची ३७ टक्के माणसं. दुसऱ्या टोकाला मंडणगड, सगळ्या तालुक्यात मिळून ६२ हजार १२३.

हे अंतर वाढत चाललंय असं फिरताना जाणवतं. वाडीतलं जोडपं पोराच्या इंग्रजी शाळेसाठी देवरुखला, लांज्याला, खेडला खोली घेतं. नवरा लोटे-परशुरामच्या एखाद्या कारखान्यात, बायको मुलांपाशी, आणि आईवडील वाडीत. मंडणगड, दापोली, गुहागर, देवरुख, लांजा इथे नगरपंचायती झाल्या, तसा तेवढा भाग आणि तेवढी माणसं जिल्हा परिषदेच्या हद्दीतून बाहेर गेली. जिल्हा परिषदेकडे राहिला तो कमी माणसांचा, जास्त पसरलेला, म्हातारा होत चाललेला मुलूख. तरीही २०११ ला जिल्ह्यातली १०० पैकी ८४ माणसं ग्रामीण भागातच होती, हे विसरून चालणार नाही.

आणि येणारेही आहेत. आंब्याच्या बागेत राखणीला आणि कामाला नेपाळी कुटुंबं, बंदरात होड्यांवर परप्रांतीय आणि नेपाळी खलाशी, चिरेखाणीत आणि रस्त्याच्या कामावर कर्नाटकातले मजूर. माझ्या काजूच्या बागेत गवत काढायला गेल्या वर्षी गावातला माणूस मिळाला नाही, शेवटी बागेतल्या नेपाळी जोडप्याला विनवलं. त्यांची पोरगी इथल्या मराठी शाळेत जाते आणि आमच्या नातवंडांपेक्षा चांगलं संगमेश्वरी बोलते. गावची शाळा आज कुणाच्या पोरांवर चालू आहे, ते पटावर बघितलं की कळतं.

मी ज्या शाळेत शिकलो तिथे माझ्या वेळी साठच्या वर पट होता. आज सात आहे. वीसच्या खालच्या शाळांचं काय करायचं यावर सरकारदरबारी अधूनमधून खल होतो, जवळच्या शाळेत मुलं न्यायची असं ठरतं. कागदावर ती शाळा दोन किलोमीटरवर असते. पावसाळ्यात मधल्या पऱ्याला पाणी आलं की ते दोन किलोमीटर पार करता येत नाहीत, हे नकाशात दिसत नाही.

डोक्यामागे पैसा

आता मुद्द्याचं. ग्रामपंचायतीला हक्काचा म्हणून जो मोठा पैसा येतो तो वित्त आयोगाचा. १५ व्या वित्त आयोगाचा काळ मार्च २०२६ ला संपला. त्या आयोगाने राज्याराज्यांत स्थानिक संस्थांचा पैसा वाटताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन धरलं. आपल्या राज्यात आलेल्या ग्रामीण निधीतले ८० टक्के ग्रामपंचायतींना, १० टक्के पंचायत समितीला, १० टक्के जिल्हा परिषदेला. आणि लोकसंख्या कुठली? २०११ ची.

साधं गणित करू. समजा घाटावरचा एक गाव तीन हजारांचा, सगळा एका गावठाणात. आपला गाव नऊशेचा, आठ वाड्यांत. डोक्यामागे सारखा पैसा दिला तर त्यांना आपल्या तिप्पटीहून जास्त मिळणार. पण त्यांना दिवाबत्तीची एक ओळ टाकायची आहे, आपल्याला आठ. त्यांना एक रस्ता, आपल्याला पाखाड्या, साकव आणि संरक्षक भिंती. पैसा माणसं मोजून येतो आणि खर्च होतो तो अंतरावर.

याला उत्तर म्हणून कुणी म्हणेल, जिथे माणसं जास्त तिथे पैसा जास्त, यात अन्याय तो काय? यात तथ्य आहे. दिव्याला, नालासोपाऱ्याला पाणी नाही, लोकलला लटकून आपलीच पोरं जातात, तिथे पैसा जायलाच हवा. माझं म्हणणं ते काढून आम्हाला द्या असं नाही. पण माणसं थोडी झाली म्हणून डोंगर काही लहान होत नाही. साकव चार माणसांसाठी बांधला काय आणि चाळीस माणसांसाठी बांधला काय, पऱ्याची रुंदी तेवढीच.

आणि सरकारला हे कळतच नाही असंही नाही. आरोग्य खात्याचा निकष बघा. प्राथमिक आरोग्य केंद्राला मैदानी भागात ३० हजार लोकसंख्या लागते, डोंगरी आणि आदिवासी भागात २० हजार. उपकेंद्राला मैदानात ५ हजार, डोंगरात ३ हजार. म्हणजे डोंगराला वेगळं माप लावायचं हे तत्त्व मान्य आहे. फक्त तेही आता अपुरं पडतंय. आपल्या जिल्ह्याच्या सरासरीने ३ हजार माणसं जमवायची तर १५ चौरस किलोमीटरहून जास्त जागा लागते, आणि खेड-संगमेश्वरच्या डोंगरपट्ट्यात त्याहून कितीतरी जास्त. एका आरोग्यसेविकेने तेवढं चालायचं.

पाण्याचंही तसंच. जलजीवन योजनेत माणशी ५५ लिटर धरतात. माणसं कायम राहणारी. पण गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात गावात दुप्पट माणूस असतो, आणि विहिरीचा तळ दिसायला लागतो तो मे महिन्यातच.

सात आमदारांचे पाच झाले

पैशाचं झालं, आता आवाजाचं. पूर्वी जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ होते : राजापूर, रत्नागिरी, संगमेश्वर, गुहागर, चिपळूण, खेड आणि दापोली. २००१ च्या जनगणनेवर २००८ मध्ये फेररचना झाली आणि २००९ ची निवडणूक पाच मतदारसंघांत झाली. खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघ नकाशावरून गेले. सिंधुदुर्गात चाराचे तीन झाले. त्याच फेररचनेत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात तेराचे चोवीस झाले.

नीट लक्षात घ्या, हे झालं ते २००१ च्या आकड्यांवर, जेव्हा आपली लोकसंख्या वाढलेली होती. फक्त इतरांपेक्षा कमी वाढली होती. लोकसंख्या खरोखर घटली ती त्यानंतर, आणि तो हिशेब विधानसभेच्या नकाशात अजून उतरलेलाच नाही. घटनेतल्या तरतुदीनुसार २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे आले की मतदारसंघांच्या रचनेचा प्रश्न पुन्हा उघडतो. पाचाचे चार झाले तर एका आमदाराने सह्याद्रीपासून खाडीपर्यंत किती वाड्या बघायच्या?

जिल्हा परिषदेतही गट आणि गण लोकसंख्येवरच पडतात. ग्रामपंचायतीतसुद्धा १५०० पर्यंत सात सदस्य, ३००० पर्यंत नऊ. आठ वाड्यांच्या गावाला सात सदस्य. एक वाडी पहिल्यापासूनच बाहेर. बहुतेक वेळा ती धनगरवाडी असते.

गणना फेब्रुवारीत, शिमगा मार्चमध्ये

आजवरच्या जनगणनांचा नियम असा की गणनेच्या सगळ्या काळात जो माणूस घरी नाही, त्याची नोंद घरी होत नाही. तो जिथे राहतो तिथे होते. २०२७ चा शिमगा मार्चच्या उत्तरार्धात आहे. म्हणजे पालखी नाचवायला पोरं येतील तेव्हा मोजणी होऊन गेलेली असेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. गावातल्या काही मंडळींच्या डोक्यात आहे की मुंबईकरांची नावं इथेच लावू, आकडा फुगवू. हे करू नये. एक तर ते खोटं. दुसरं, तोच माणूस तिकडेही मोजला जाणार. आणि तिसरं, खोट्या आकड्यावर शिक्षक मिळाला तरी वर्गात पोरं कुठून आणणार? मतदार यादीत नाव गावचं आणि राहणं मुंबईचं, हा घोळ आपण बरीच वर्षं चालवतोय. मतदानाला गाड्या भरून माणसं येतात आणि दुसऱ्या दिवशी परत जातात. निवडून आलेल्याला साकवाचा जाब विचारायला मागे राहतात त्या काकी.

मग करायचं काय

पहिलं काम, जी माणसं खरोखर इथे राहतात ती एकही सुटू द्यायची नाही. मागच्या काकींना मी विचारलं होतं, गेल्या वेळेला मोजायला कुणी आलं होतं का? त्या म्हणाल्या, "आला व्हता एक मास्तर, खालच्या वाडीत बसून ईचारून गेला. आमच्याकडं चडाय व्हतंय कुनाला?" असं पुन्हा होता नये. धनगरवाडी, कातकऱ्यांच्या झोपड्या, आंब्याच्या बागेतली खोपटी, बंदरातल्या होड्या, चिरेखाणीवरचे तंबू. जनगणना राहणाऱ्या माणसाची होते, त्याचा सातबारा बघून होत नाही. मोजायला येणारी बहुतेक आपलीच शिक्षक मंडळी असतील. त्यांच्याबरोबर वाट दाखवायला वाडीतला एक माणूस द्यायचा, एवढं ग्रामपंचायत नक्की करू शकते.

दुसरं, ग्रामसभेत वाड्यांची यादी करून ठराव घ्यावा. किती वाड्या, रस्त्यापासून किती अंतरावर, मधे किती पऱ्ये, किती साकव, किती घरं बारमाही उघडी आणि किती फक्त सणाला. हे कागद जनगणनेत जाणार नाहीत, पण पुढे निधी मागताना हातात असतील. डोंगरी विकास कार्यक्रम राज्यात आहेच. त्यात आणि जिल्हा नियोजनात डोक्यांबरोबर वाडी आणि अंतर हेही माप धरा, अशी मागणी नऊही तालुक्यांनी एका आवाजात करायला हवी. सिंधुदुर्ग सोबत येईल.

तिसरं मुंबईकर भावंडांसाठी, आणि हे जरा कडू आहे. तुमच्या मुंबई मंडळाने देवळाचा जीर्णोद्धार केला, कमान बांधली, उत्तम. पण सामायिक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं आणि प्रत्येकाची सही वेगळ्या उपनगरात, म्हणून जमीन पड राहते. माकडं आणि डुकरं त्यात वाढतात आणि शेजारी जो एकटा भात लावतो त्याच्या शेतात उतरतात. वाटण्या करा, नाहीतर कसायला लेखी द्या. इथे राहू पाहणाऱ्या पोराला स्वतःच्या नावावर काजूची शंभर कलमं लावता आली तर तो राहील. रिकामी होणारी वाडी थांबवायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

आमच्या वाडीत एकतीस घरं आहेत. गणपतीत एकतीस घरांत दिवे लागतात, गौरी गेल्यावर चौदा. फेब्रुवारीत मोजणारा येईल तेव्हा तो चौदा घरांतली माणसं लिहील आणि ते बरोबरच असेल. फक्त त्या चौदा घरांना लागणारी वाट, साकव आणि पाण्याचा पाइप हा एकतीस घरांना लागतो तेवढाच आहे, हे त्याच्या फॉर्ममध्ये कुठेच नाही. ते आपल्यालाच बोलावं लागणार.

साकव अजून झालेला नाही. या पावसाळ्यासाठी आम्ही दोन्ही वाड्यांची मिळून आठ जणांची यादी केली आहे. रात्री फोन आला तर डोलीला कुणी कुणी जायचं याची. त्यातले तिघे पंचावन्नच्या पुढचे आहेत, आणि एक नेपाळी.